बाटलीचा माग काढा : बेकायदा दारूविक्रीच्या शिक्षेविरुद्ध अपील कसं लढवायचं

दारूच्या केसमध्ये शिक्षा झालेला माणूस वकिलासमोर येऊन बसला की त्याचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं : "साहेब, मी विकतच नव्हतो हो." खरं असेलही. पण अपिलात या वाक्याला फारशी किंमत नाही. अपिलाचं न्यायालय तुम्हाला पुन्हा पिंजऱ्यात उभं करत नाही, पंचांना परत बोलावत नाही, छाप्याची जागा बघायला जात नाही. त्याच्या टेबलावर येतो खालच्या न्यायालयातला कागदांचा गठ्ठा, आणि जे काही ठरायचं ते त्या गठ्ठ्यातून ठरतं.

त्या गठ्ठ्यात एक बाटली आहे. पोलिसांनी ती आरोपीजवळ सापडल्याचं म्हटलं, तिला लाख लावली, ती पोलीस ठाण्यात ठेवली, एका शिपायाच्या हाती प्रयोगशाळेत पाठवली आणि तिच्यात अल्कोहोल असल्याचा अहवाल आणला. हा सगळा प्रवास कागदावर सलग दिसला पाहिजे. कुठे तुटलाय ते शोधणं हे अपिलातलं निम्म्याहून जास्त काम. बाकीचं मुदती, अर्ज, जामीन. तेही महत्त्वाचं आहे, पण ते शिकता येतं. गठ्ठा वाचायला चिकाटी लागते.

हे सगळं महाराष्ट्रापुरतं आहे : महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिलेली शिक्षा आणि तिच्याविरुद्ध सत्र न्यायालयातलं अपील. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ने घेतली, म्हणून पुढे कलमं सांगताना नवीन आधी आणि जुनं नंतर दिलंय. त्या तारखेला जी अपिलं पडून होती ती जुन्या संहितेनेच चालतात. तुमचा खटला जुन्या संहितेत सुरू झाला आणि निकाल नंतर लागला असेल तर अपिलाच्या शीर्षकात दोन्ही कलमं लिहा. आकडा चुकला एवढ्यावर अपील जात नाही, पण पहिल्याच तारखेला त्यावर वेळ का घालवायचा?

निकालाच्या दिवशी, खिशात काय हवं

दोषी ठरवल्यावर शिक्षेबद्दल म्हणणं मांडायला सांगतात. तेव्हा गप्प राहू नका. वय, घरातली माणसं, आजारपण, पूर्वीचा गुन्हा नाही, खटला किती वर्षं चालला, हे सगळं बोला आणि ते लिहून घेतलं जातंय का ते बघा. पुढे अपिलात शिक्षा कमी करून मागताना याच ओळी कामाला येतात.

शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि खटला चालू असताना तुम्ही जामिनावर होता, तर शिक्षा देणारं न्यायालयच अपील करण्यापुरता वेळ देऊन तुम्हाला जामिनावर सोडू शकतं. कलम ४३०(३), जुनं ३८९(३). नाकारायचं तर न्यायालयाला विशेष कारणं असावी लागतात. मात्र अर्ज त्याच दिवशी द्यावा लागतो आणि जामीनदार त्याच दिवशी हजर लागतो. निकाल चार वाजता लागतो, साडेपाचला कार्यालय आवरतं. जामीनदाराचा सातबारा नाहीतर पगारपत्रक, आधारकार्ड, फोटो, सॉल्व्हन्सी (ऐपतीचा दाखला) लागणार असेल तर तीही सकाळीच फायलीत असू द्या. एका पक्षकाराने जामीनदाराला "निकाल लागला की फोन करतो" असं सांगून ठेवलं होतं. निकाल लागला, फोनही गेला, आणि जामीनदार एसटीत असताना हा तुरुंगाच्या गाडीत बसला.

दंड झाला असेल तर भरा आणि पावती जपून ठेवा. दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल केला असं होत नाही.

आणखी एक. निकालपत्राच्या शेवटी बहुतेक वेळा एक ओळ असते : अपिलाची मुदत संपल्यावर मुद्देमाल नष्ट करावा. अपील दाखल केल्याची माहिती त्या न्यायालयाला लेखी द्या, म्हणजे मुद्देमाल राहील. तुमची मोटारसायकल किंवा टेम्पो सरकारजमा झाला असेल तर त्या आदेशालाही अपिलात नाव घेऊन आव्हान द्यावं लागतं. शिक्षेविरुद्ध अपील केलं म्हणजे गाडीचंही आपोआप आलं, असं समजू नका.

आधी बघा, अपील होतं का

बहुतेकदा होतं. दोन ठिकाणी अडतं.

पहिलं, किरकोळ दंड. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी फक्त १०० रुपयांपर्यंतचा दंड केला असेल, किंवा संक्षिप्त पद्धतीने चाललेल्या खटल्यात फक्त २०० रुपयांपर्यंतचा, तर कलम ४१७ (जुनं ३७६) अपील देत नाही. दंडाबरोबर "न्यायालय उठेपर्यंत कैद" असेल तर तीही कैदच आहे, मग नुसत्या दंडाचा प्रश्न उरत नाही.

दुसरं जास्त दुखतं. गुन्हा कबूल करून शिक्षा घेतली असेल तर दोषी ठरवण्याविरुद्ध अपील नाही. शिक्षा किती आणि ती कायद्याला धरून आहे का, एवढ्यापुरतंच (कलम ४१६, जुनं ३७५). दारूच्या केसमध्ये कंटाळून "कबूल" म्हणणारे पुष्कळ. तारखा पडतात, रोजंदारी बुडते, कुणीतरी सांगतं की थोडा दंड भर आणि सुट. त्या एका शब्दाने अपिलाचा मोठा दरवाजा बंद होतो. तसं झालं असेल तर रोजनामा आणि कबुलीचा कागद नीट वाचा. दोषारोप आरोपीला कळेल अशा भाषेत वाचून दाखवला होता का? त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहिलंय की छापील ओळीवर सही आहे? कबुली कबुली म्हणावी अशी नव्हती, हे दाखवता आलं तर अजून काही बोलता येतं.

तीस दिवस आणि नकला

सत्र न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस. मुदत कायदा, १९६३, अनुच्छेद ११५. निकालपत्राची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, पण नकलेसाठी अर्ज केला त्या दिवसापासून. म्हणून अर्ज निकालाच्या दिवशीच, फार तर दुसऱ्या दिवशी.

कैदेची शिक्षा झाली असेल तर निकालपत्राची एक प्रत लगेच मोफत द्यावी लागते, कलम ४०४. ती घ्याच. पण अपिलाला एकटं निकालपत्र पुरत नाही. नक्कल विभागात अर्ज करताना हेही मागा : दोषारोप, प्रत्येक साक्षीदाराचा सरतपास (त्याला बोलावणाऱ्या बाजूने विचारलेले प्रश्न) आणि उलटतपास, जप्ती पंचनामा, फिर्याद, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, नमुना पाठवल्याचं पत्र, आरोपीचा कलम ३५१ खालचा (जुनं ३१३) जबाब, आणि पूर्ण रोजनामा. लोक रोजनामा मागायला विसरतात. कुठल्या तारखेला कोण हजर होतं, मुद्देमाल न्यायालयात आला होता का, साक्षीदाराला दाखवला का, हे कधी कधी फक्त रोजनाम्यातच असतं.

तीस दिवस उलटून गेले असतील तर अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज आणि शपथपत्र, मुदत कायद्याचं कलम ५. "घरगुती अडचणी" असं मोघम लिहू नका. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काय झालं ते लिहा, दवाखान्याचा कागद असेल तर जोडा. फौजदारी अपिलात, माणसाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न असल्याने, न्यायालयं इथे सहसा हात आखडत नाहीत. तरी खोटं कारण देऊ नका. सरकारी वकील तारखा जुळवून बघतात.

माणूस तुरुंगात असेल तर तुरुंग अधिकाऱ्याकडे अपील दिलं तरी चालतं, तो ते पुढे पाठवतो (कलम ४२४). वकील करायची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेले यांना तिथे उत्पन्नाची अट नाही. हातभट्टीच्या केसमध्ये सापडणाऱ्यांत या तिन्हीतल्या लोकांची संख्या मोठी असते, आणि नेमकं त्यांनाच हे कुणी सांगत नाही.

गठ्ठा वाचताना

आता खरं काम. वहीच्या पानावर डाव्या बाजूला तारखा आणि वेळा लिहायला घ्या. ठाण्याच्या डायरीत निघाल्याची नोंद कधी, पंचांना कुठे बोलावलं, छापा किती वाजता, पंचनामा किती ते किती, ठाण्यात परत कधी, गुन्हा किती वाजता दाखल. उजव्या बाजूला प्रत्येक नोंदीसमोर निशाणी क्रमांक (न्यायालयाने त्या कागदाला दिलेला नंबर), आणि ती गोष्ट कुठल्या साक्षीदाराने सांगितली ते. तासाभरात हे पान केस उघडून दाखवतं.

पहिल्यांदा गुन्हा रजिस्टर नंबर शोधा. पंचनामा जागेवर झाला, गुन्हा नंतर ठाण्यात दाखल झाला, मग पंचनाम्यावर किंवा बाटलीच्या चिठ्ठीवर गुन्ह्याचा नंबर आधीच कसा आला? असा नंबर दिसला तर एक शक्यता उरते की कागद जागेवर नाही, ठाण्यात बसून लिहिलाय. पोलीस म्हणतील, नंबर नंतर टाकला. पण तसं साक्षीत कुणी सांगितलंय का? शाई, हस्ताक्षर वेगळं आहे का? मूळ कागद बघायला न्यायालयात अर्ज देऊन परवानगी घ्या, नकलेवर हे कळत नाही.

मग ताबा. बाटल्या कुणाच्या हातात होत्या? पिशवीत? झाडाच्या आडोशाला? घराच्या मागच्या वाड्यात? ही जागा उघडी, सगळ्यांची ये-जा असलेली असेल तर "आरोपीजवळ मिळून आल्या" या चार शब्दांमागे पुरावा काय आहे ते बघा. घर असेल तर कुणाच्या नावावर, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणलाय का, घरात आणखी कोण राहतं? तीन भावांच्या एकत्र घरातल्या माळ्यावर सापडलेला कॅन एकट्या धाकट्या भावाचा कसा, हे सरकार पक्षाने सांगायचं असतं.

इथे दारूबंदी कायद्याच्या कलम १०३ ची आठवण ठेवा. या कायद्यात एक गृहीतक आहे : मादक पदार्थ बाळगल्याचा समाधानकारक खुलासा करता आला नाही तर गुन्हा केला असं धरलं जाईल. निकालपत्रात बहुधा त्याचा आधार असतोच. पण हे गृहीतक ताबा सिद्ध झाल्यावर उभं राहतं, ताबा सिद्ध करायला ते वापरता येत नाही. पाया घालायचं काम सरकारचंच. खालच्या न्यायालयाने घोडा गाडीच्या मागे बांधलाय का, म्हणजे आधी गृहीत धरलं आणि मग ताबा मानला असं झालंय का, ते निकालपत्राच्या परिच्छेदांच्या क्रमावरून कळतं. परवान्याचं उलट आहे. परवाना होता म्हणणाऱ्याने तो दाखवायचा. "परवाना नव्हता हे पोलिसांनी सिद्ध केलं नाही" या मुद्द्यावर वेळ घालवू नका.

विक्री आणि बाळगणं यात फरक करा. विक्रीच्या केसमध्ये पोलीस सहसा कलम ६५(ई) लावतात. बाळगणं, वाहतूक, सेवन यांच्यासाठी कलम ६६(१)(ब) आहे. विक्रीला साधारण काय लागतं? गिऱ्हाईक, पैसे, ग्लास, नाहीतर बनावट गिऱ्हाईक पाठवून आधी नंबर टिपून घेतलेली नोट. यातलं काहीच नसेल आणि साक्षीत फक्त "विक्री करत असताना मिळून आला" एवढंच असेल तर तो साक्षीदाराचा निष्कर्ष झाला, पुरावा नाही. पण स्वतःची फसवणूक करून घेऊ नका. विक्री पडली म्हणून बाळगण्याचा आरोप पडत नाही, आणि सत्र न्यायाधीश कमी गुन्ह्यात दोष कायम ठेवू शकतात. म्हणून विक्रीचा मुद्दा शिक्षेसाठी आणि ताब्याचा मुद्दा सुटकेसाठी, असे दोन्ही वेगवेगळे मांडा.

आता बाटली. छाप्यात समजा एका खोक्यात १८० मिलिलिटरच्या देशी दारूच्या ४८ बाटल्या मिळाल्या. त्यातल्या किती नमुन्याला काढल्या? एक? मग बाकी ४७ मध्ये काय होतं? कारखान्याचं बूच आणि एकाच तुकडीचं लेबल असेल तर न्यायालय एका बाटलीवरून सगळ्यांचं मानू शकतं. हातभट्टीच्या दारूत ते सोपं नाही. तिथे ३५ लिटरचे चार कॅन असतील आणि नमुना एकाच कॅनचा घेतला असेल, तर उरलेल्या तीन कॅनांबद्दल फक्त वासाचा पुरावा उरतो. "मी आणि पंचांनी वास घेऊन खात्री केली" ही ओळ जवळपास प्रत्येक पंचनाम्यात सापडते. वास घेणारा पंच त्यातला जाणकार होता का हे कुणी विचारलेलं नसतं.

नमुन्याचं सील बघा. लाखेवर कोणता ठसा उमटवला, चिठ्ठीवर पंचांच्या सह्या होत्या का, ठशाचा नमुना वेगळा जपला का. मग मुद्देमाल नोंदवही. समजा छापा १० तारखेचा आणि प्रयोगशाळेला पाठवल्याचं पत्र २७ तारखेचं. मधले १७ दिवस बाटली कुठे होती, कुणाच्या कुलपात होती? मुद्देमाल कारकुनाची साक्ष झाली का? बाटली घेऊन गेलेल्या शिपायाची? दोघेही तपासले नसतील, नोंदवहीचा उतारा नसेल, तर माग इथेच तुटला. नुसता उशीर एकटा पुरत नाही. उशिराच्या काळात बाटली सुरक्षित होती याचा पुरावा नाही, हे म्हणणं जड पडतं. शेवटी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेच्या अहवालातलं सीलचं वर्णन पंचनाम्याशी ताडून बघा. पंचनाम्यात एक ठसा आणि अहवालात दुसरा, असं मी स्वतः पाहिलंय, आणि खालच्या न्यायालयात दोन वर्षं ते कुणाच्या डोळ्यांत आलं नव्हतं.

रासायनिक अहवाल तज्ज्ञाला न बोलावता वाचता येतो (कलम ३२९, जुनं २९३), म्हणून "तज्ज्ञ तपासला नाही" हा मुद्दा चालत नाही. अहवाल मुळातच आला नाही, किंवा निशाणी पडली नाही, तर मात्र द्रव दारू होता हेच हवेत राहतं.

पंच फितूर झालेत? दारूच्या केसमध्ये हे रोजचंच. त्याने केस आपोआप कोसळत नाही. पोलिसांची साक्ष केवळ ते पोलीस आहेत म्हणून फेकून देता येत नाही, हे न्यायालयं सतत सांगत आलीत. पण पंच नाही म्हणाला आणि फक्त "सही माझी आहे" एवढंच कबूल केलं, तर सहीवरून पंचनाम्यातला मजकूर सिद्ध होत नाही. मग सगळा भार पोलीस साक्षीदारांवर येतो आणि त्यांच्या आपसातल्या विसंगती महत्त्वाच्या होतात. एक म्हणतो आरोपी बसला होता, दुसरा म्हणतो पळायला लागला. एक म्हणतो पंच वाटेत घेतले, दुसरा म्हणतो ठाण्यात बोलावले. कपड्याच्या रंगासारख्या बारीक फरकांवर पानं भरू नका. जागा, हात, बाटली यांच्याशी जोडलेले फरक उचला. पंच दुसऱ्या गावचा आहे एवढ्यावरूनही झडती बेकायदा ठरत नाही, तसं दारूबंदी कायद्याचं कलम ११७ सांगतं. तोच पंच त्याच ठाण्याच्या इतर केसमध्येही होता असं उलटतपासात निघालं असेल तर ती मात्र दुसरी गोष्ट.

छापा १ जुलै २०२४ नंतरचा असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ खाली झडती-जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रण व्हायला हवं. झालं का, न्यायालयात आलं का, विचारा.

एक जुना मुद्दा अजूनही काही वकील पहिल्या क्रमांकावर लिहितात : फिर्यादी आणि तपास अधिकारी एकच. २०१८ मध्ये मोहन लाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याला मोठं महत्त्व दिलं होतं. पण २०२० मध्ये घटनापीठाने मुकेश सिंग प्रकरणात ते मागे घेतलं. आता तेवढ्यावर केस पडत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष पक्षपात काय झाला ते दाखवावं लागतं. राज्य उत्पादन शुल्क विभागाची केस असेल आणि निकालात आरोपीच्या "कबुलीजबाबा"चा आधार असेल, तर राजाराम जयस्वाल विरुद्ध बिहार राज्य (१९६४) जरूर काढा. तिथे अबकारी अधिकाऱ्यापुढची कबुली पोलिसापुढच्या कबुलीसारखीच अग्राह्य धरली आहे.

शेवटी आरोपीचा जबाब. जी गोष्ट आरोपीविरुद्ध वापरायची ती त्याला प्रश्न म्हणून विचारावी लागते. रासायनिक अहवालाबद्दल प्रश्नच विचारला नसेल तर तो परिच्छेद ठळक करून ठेवा. आणि स्वतःच्या बाजूचा उलटतपासही शत्रूच्या डोळ्यांनी वाचा. "दारू आरोपीच्या भावाची होती हे खरं आहे काय?" असा प्रश्न आपल्याच वकिलाने विचारला असेल, तर दारू तिथे होती हे त्याने मान्यच केलं. अशा ठिकाणी "काहीच सापडलं नाही" असं अपिलात लिहून हसं करून घेऊ नका.

अपिलाचा मसुदा

वर शीर्षक, कुणाच्या कुठल्या निकालाविरुद्ध, खटला क्रमांक, तारीख, कलम, शिक्षा. मग पानभर हकिकत. त्यानंतर आधार. सोळा-सतरा आधार लिहायची पद्धत आहे, त्यातले दहा "खालील न्यायालयाने पुराव्याचं योग्य मूल्यमापन केलं नाही" याचीच वेगवेगळी रूपं असतात. सहा पुरे, पण प्रत्येकात निशाणी क्रमांक आणि साक्षीदार क्रमांक हवा. उदाहरणार्थ : "जप्ती पंचनाम्यात (नि. १४) नमुन्याच्या सीलचं वर्णन एक आहे आणि अहवालात (नि. २१) दुसरं. हा फरक कुणी स्पष्ट केलेला नाही, आणि नमुना वाहून नेणारा शिपाई तपासलेला नाही." न्यायाधीशाला पान उलटता आलं पाहिजे.

मागणी करताना पायऱ्या ठेवा : निर्दोष मुक्तता; ते नाही तर कमी गुन्हा; ते नाही तर शिक्षेत घट, किंवा पहिलाच गुन्हा असेल तर परिवीक्षा कायदा, १९५८ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटका. अपिलाचं न्यायालयही परिवीक्षा देऊ शकतं. पर्यायी मागणी केली म्हणजे आपण कमजोर आहोत असं दिसेल, ही भीती सोडा. जुगार जज करत नाहीत, वकिलानेही करू नये.

सोबत निकालपत्राची प्रमाणित नक्कल, वकालतनामा, कोर्ट फी, दंडाची पावती, शिक्षा स्थगितीचा अर्ज.

शिक्षा स्थगिती, आणि तिची मर्यादा

खालच्या न्यायालयाने दिलेला जामीन ठरावीक तारखेपर्यंतच असतो. त्या तारखेच्या आत सत्र न्यायालयातून कलम ४३०(१) (जुनं ३८९) खाली शिक्षा स्थगित करून घ्यावी लागते. शेवटच्या दिवसावर ढकलू नका. न्यायाधीश रजेवर असतात, सुट्टी लागते. छोटी शिक्षा, जामिनाचा गैरवापर नाही, आणि अपील चालायला वेळ लागणार, एवढ्यावर बहुधा स्थगिती मिळते. दंडाच्या वसुलीलाही स्थगिती मागायची असेल तर अर्जात तसं वेगळं लिहा.

शिक्षा स्थगित झाली तरी दोषसिद्धी कायम असते. नोकरीत असलेल्यांना आणि निवडणूक लढवणाऱ्यांना हे उशिरा कळतं. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात अपात्रतेच्या कारणांत दारूबंदी कायद्याखालच्या दोषसिद्धीचं नाव घेतलेलं आहे. सरपंचपदावरच्या माणसाला म्हणून दोषसिद्धीला स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि ती का हवी, न मिळाल्यास परत न भरून येणारं काय नुकसान होईल, ते खास लिहावं लागतं. ती सहज मिळत नाही.

सुनावणी

अपील दाखल होतं, नोंदणी होते, सरकारी वकिलांना नोटीस जाते, खालच्या न्यायालयातून मूळ रेकॉर्ड मागवलं जातं. रेकॉर्ड यायला वेळ लागतो. तारखा ई-कोर्ट्‌सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर केसच्या सोळा अक्षरी सीएनआर नंबरने दिसतात. पक्षकाराने तो नंबर मोबाइलमध्ये ठेवावा, वकिलाला दर आठवड्याला फोन करण्यापेक्षा बरं. न्यायालय अपील सुरुवातीलाच फेटाळू शकतं (कलम ४२५), पण अपीलकर्त्याला किंवा वकिलाला ऐकून आणि कारणं लिहून.

तारखेला वकील आलाच नाही तर? गैरहजेरीसाठी फौजदारी अपील काढून टाकता येत नाही. गुणदोषांवर, रेकॉर्ड वाचून, निकाल द्यावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बनी सिंग प्रकरणात सांगितलंय. पण तुमच्या बाजूने कुणी बोलत नसताना वाचलेल्या रेकॉर्डमधून नि. १४ आणि नि. २१ मधला फरक कुणी शोधून काढेल, यावर विसंबून राहू नका. आणि जामिनावर असताना हजेरीची अट मोडली तर वॉरंट निघतं ते वेगळंच.

युक्तिवादाला उभं राहताना ते वहीचं पान समोर ठेवा. मी साधारण याच क्रमाने बोलतो : ताबा, मग नमुना, मग अहवाल, मग आरोपीचा जबाब, आणि शेवटी शिक्षा. लेखी युक्तिवाद दोन-तीन पानांचा द्या, दहा नको. नवीन पुरावा द्यायचा असेल, समजा त्या तारखेला आरोपी रुग्णालयात दाखल होता याचा कागद आता मिळालाय, तर कलम ४३२ (जुनं ३९१) खाली वेगळा अर्ज करा आणि तो खटल्यात का आला नाही ते सांगा. सरकार पक्षाने आपल्या राहिलेल्या फटी बुजवायला हेच कलम वापरायचं ठरवलं तर जोरात विरोध करा.

निकाल काय येऊ शकतो

सुटका, दोष कमी गुन्ह्यात बदलणं, शिक्षेत घट, किंवा सगळं आहे तसं कायम. एक भीती पक्षकार हमखास बोलून दाखवतात : अपील केलं म्हणून शिक्षा वाढली तर? तुमच्या अपिलात सत्र न्यायालय शिक्षा वाढवू शकत नाही, कलम ४२७ (जुनं ३८६) तसं स्पष्ट म्हणतं. वाढवायची तर सरकारला स्वतंत्र अपील करावं लागतं.

कधी कधी सरकारी वकील फेरसुनावणी मागतात, म्हणजे केस परत खाली पाठवा आणि राहिलेले साक्षीदार तपासू द्या. याला उत्तर म्हणून उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९६३) हा निकाल पिशवीत असू द्या. तो दारूबंदी कायद्याखालच्या रक्ताच्या नमुन्याच्या वादातलाच आहे, आणि त्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने म्हटलंय की फेरसुनावणी ही अपवादात्मक गोष्ट आहे. फिर्यादी पक्षाला आपला पुरावा सुधारायची दुसरी संधी म्हणून ती द्यायची नसते.

अपील फेटाळलं गेलं तर दुसरं अपील नाही. उच्च न्यायालयात पुनरीक्षण, ९० दिवसांत. तिथे पुरावा पुन्हा तोलला जात नाही, कायद्याची किंवा प्रक्रियेची ठळक चूक दाखवावी लागते. शरण येण्याची वेळ आली तर आधी कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात (कलम ४६८). तो हिशेब निकालाच्या शेवटच्या परिच्छेदात आलाय का ते तिथेच, न्यायाधीश उठण्याआधी बघा. अपील चालू असताना अपीलकर्ता वारला तर दंडाविरुद्धचं सोडून अपील संपतं, पण जवळचे नातेवाईक ३० दिवसांत परवानगी मागून ते पुढे चालवू शकतात. बाप दोषी म्हणून गेला नाही, असं कागदावर हवं असलेल्या एका मुलीने ते केलं होतं.

सुटका झाली तर नक्कल घ्या, ती ठाण्यात नेऊन द्या, आणि जामीनदाराचा बंध कधी सुटतो ते विचारून घ्या. अपिलानंतर पुढच्या न्यायालयात हजर राहण्याचं बंधपत्र काही महिने चालू राहतं. भरलेला दंड परत मिळतो, पण मागितल्याशिवाय नाही. त्यासाठी खालच्या न्यायालयात अर्ज, निकालाची नक्कल आणि ती पहिल्या दिवशीची पावती लागते.